मदत हवी आहे : भिंतीवरील कलाकृतीचा मूळ कर्ता कसा शोधावा?

गेमिंग आणि स्ट्रीट आर्टमधील लक्षवेधी गोष्टी मी मित्रमंडळींसाठी संकलित करतो. १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी आर्केड गेममधले परग्रहवासी चौकोनी टाइल्समधून भिंतींवर साकारणाऱ्या ‘इन्व्हेडर’ या फ्रेंच कलाकाराच्या धर्तीवर इतरही अनेक जण काम करत असल्याने, हाती आलेले छायाचित्र नेमके कोणाच्या कलाकृतीचे, हे ठरवणे अवघड जाते. एका छायाचित्रात डोळ्याची एक टाइल निखळलेली स्पष्ट दिसते, पण आजूबाजूचा रस्ता मात्र कातरून टाकलेला आहे. समाजमाध्यमांवर चढवताना छायाचित्रातील तारीख व स्थळाची नोंद बहुधा पुसली जाते आणि प्रतिमाशोधात फिरून फिरून आलेल्या प्रतींचाच ढीग पुढे येतो (श्रेय अर्थातच कोणालाच दिलेले नसते). अशा वेळी सर्वांत जुनी प्रत कशी गाठावी, आणि तीही न सापडल्यास छायाचित्र वगळावे की ‘कर्ता अज्ञात’ अशी नोंद करून द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.