चौथ्या ग्रेडची मूळव्याध: लेसर की कापून?

रातराणी_चालक
नमस्कार मंडळी. वय ४६, सांगली-मुंबई रात्रीची खासगी बस चालवतो. मूळव्याध अकरा वर्षांची. आधी कोंब आपोआप आत जायचा, मग बोटानं ढकलावा लागे, आता चार महिने झाले ढकलूनही जात नाही. सीटवर हवेची ट्यूब घेऊन बसतो, क्लीनर पोरगा तोंड फिरवून हसतो. रक्त इतकं गेलं की हिमोग्लोबिन ८.४ निघालं. सुरण, ताक, शेजारच्या आजींची पुडी, सगळं झालं. एका ठिकाणी म्हणाले लेसर करा, संध्याकाळी घरी, चौथ्या दिवशी स्टेअरिंगवर. दुसरे सर्जन म्हणाले कापूनच काढावं लागेल, महिना विसरा. खरं सांगू का, ऑपरेशनची नाही, त्यानंतरच्या पहिल्या संडासची भीती वाटते. कुणी केलंय का?

पीठगिरणी
केलंय. फेब्रुवारी २०२२, मिरजेत, कापून.

मलाही लेसरच हवं होतं. सर्जननी केसपेपरच्या मागं चित्र काढलं. घड्याळ समजा, म्हणाले, तीन, सात आणि अकरावर तुमचे कोंब. आतले लेसरनं आकसतील, पण बाहेर लोंबणारं कातडं कुठं जाणार? ते कापायलाच लागतं. तिन्ही जागा कापून जखमा उघड्याच ठेवतात, टाके घालून बंद करत नाहीत. दोन जखमांच्या मध्ये कातडीची पट्टी शाबूत ठेवायची, नाहीतर भरताना वाट अरुंद होते. ही पद्धत लंडनच्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडली. मी म्हटलं, एवढी जुनी? ते म्हणाले, तुमची गिरणी तरी कुठं नवी आहे!

कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात काम झालं. त्रास रात्री सुरू झाला, लघवीच होईना. शेवटी नळी घालावी लागली. कमरेतल्या इंजेक्शननंतर बऱ्याच जणांना असं होतं म्हणे. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता पहिली संडास. तिसरा दिवस, पहाटे सव्वापाच. आदल्या रात्री पातळ औषध घेतलेलं, तासभर आधी दुखण्याची गोळी, वर सुन्न करायची जेली. बायको दाराबाहेर उभी. टॉवेल दातात धरला. खोटं कशाला बोलू, काचा जाताहेत असं वाटलं. पण ते मिनिटभर. लगेच कोमट पाण्याच्या टबात बसलो आणि पाचव्या मिनिटाला अंग सैल पडलं. सहाव्या-सातव्या दिवसापासून नुसती चुरचुर. भीतीनं संडास धरून ठेवू नका, खडा झाला की मग खरे हाल. माझ्या वॉर्डातल्या एकानं ती चूक केली, त्याचा आवाज अजून कानात आहे.

नवव्या दिवशी अचानक रक्त ठिबकायला लागलं. खपली सुटताना असं होऊ शकतं, आणि जास्त असेल तर लगेच या, असं बजावलेलं होतं. रिक्षानं गेलो, पॅकिंग केलं, थांबलं. तेव्हा तुम्ही खंबाटकी घाटात असता तर? म्हणून चौथ्या दिवशी स्टेअरिंग डोक्यातून काढा. मी चार आठवड्यांनी गिरणीत गेलो, पोतं सहा आठवड्यांनी उचललं. मिरची कांडप माझ्याच गिरणीत, आणि मला मात्र तीन महिने अळणी.

दोन_लेकरांची_आई
माझं दुसऱ्या बाळंतपणानंतर स्टेपलरनं केलं (कोंब वर ओढून आतून पिना मारतात), २०१८. दुखलं फारच कमी, आठवड्यात कामावर. पण २०२१ मध्ये एक कोंब परत आला. डॉक्टर म्हणाले, या पद्धतीत परत यायचं प्रमाण कापून काढण्यापेक्षा जास्तच. आणि विमा बघा, बऱ्याच पॉलिसींत मूळव्याधीला दोन वर्षं थांबावं लागतं. आमचा क्लेम त्यातच गेला.

रात्रपाळी_निवासी
सर्जरी शिकतोय. लेसर वाईट नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडला, म्हणजे कोंब आपोआप किंवा बोटानं आत जातो तोवर, चालतं. तुमचं वर्णन चौथीचं आहे, ढकलूनही जात नाही, तेव्हा दुसऱ्या सर्जनचं मला पटतं. पण त्याआधी एक. वय ४६ आणि हिमोग्लोबिन ८.४, सगळं रक्त कोंबातूनच गेलं असं धरून चालू नका. कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासण्याबद्दल, विचारा. रक्त भरून काढल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. आणि बसस्टँडच्या भिंतीवरचं ‘एका इंजेक्शनात गॅरंटी’वालं मनात असेल तर तेही काढून टाका. तसल्या इंजेक्शननं सडलेली जागा मी धुतली आहे.

रातराणी_चालक
मालकाला सांगितलं, महिनाभर बदली ड्रायव्हर देतोय. मंगळवारी दुर्बिणीची तपासणी. पीठगिरणी दादा, टब म्हणजे कुठला? मेडिकलवाला कमोडवर बसवायचा दाखवतो, आमच्याकडे भारतीय बैठक आहे.

पीठगिरणी
तो नको. नातवाला अंघोळ घालायचा प्लॅस्टिकचा टब होता, त्यातच बसलो. दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, पाणी कोमट, मीठ-बीठ काही नको. आधी रिकाम्या टबात बसून बघा, काठ मांडीला रुतता कामा नये. आणि उठताना धरायला भिंतीजवळ ठेवा.