मदत हवी आहे: तोंडी आदेशावर डेटाबेसमध्ये होणाऱ्या दुरुस्त्या कशा थांबवू?

टाकीखाली

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचा संगणक कक्ष सांभाळते. पालिका कोणती ते विचारू नका. जूनपासून कक्षप्रमुख झाले, त्याआधी याच कक्षात प्रोग्रामर होते. काल ज्यांच्याबरोबर डबा खात होते त्यांच्या रजेच्या अर्जावर आज सही करते, त्याचं अवघडलेपण अजून गेलेलं नाही. कक्षात सात माणसं. दोघं कायम, पाच ठेकेदाराकडची मुलं.

कायमपैकी एक म्हणजे आमचे काका. बिलिंगची जुनी प्रणाली त्यांनी उभी राहताना पाहिली, अर्धी स्वतः लिहिली. येत्या एप्रिलअखेर निवृत्त होतायत. आणि गेली वीस वर्षं फोन आला की ते थेट डेटाबेसच्या टेबलात जाऊन आकडा बदलतात.

हे वाचून कुणाला वाटेल की भ्रष्टाचार आहे. बहुतेक वेळा नसतो. उदाहरण देते. मीटर रीडरने १४८२ ऐवजी १४८२० टाकलं. मागचं रीडिंग १४६१, म्हणजे २१ युनिटच्या जागी १३,३५९ युनिट. आमच्याकडे एक युनिट म्हणजे १००० लिटर. एका खोलीत राहणाऱ्या आजीबाईंनी तीन महिन्यांत ऑलिंपिकचे पाच तलाव भरले, असं ते बिल म्हणत होतं. बिलाची सायकल एकदा बंद झाली की स्क्रीनवरून रीडिंग बदलता येत नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव कनिष्ठ अभियंता, उपअभियंता आणि लेखा अशा तीन टेबलांवरून फिरतो आणि दीड-दोन महिने घेतो. तोवर विलंब शुल्क चढतं, पुढचं बिल निघतं. मग उपअभियंता फोन उचलतात, "काका, तेवढं करून टाका." काका करतात. आजीबाई आशीर्वाद देऊन जातात.

आता अडचण. माहिती अधिकारात अर्ज आलाय. एका सोसायटीची थकबाकी गेल्या वर्षी १ लाख ८४ हजारांनी कमी झाली, ती कोणाच्या आदेशाने, आदेशाची प्रत द्या. तीस दिवसांतले अकरा गेले. काकांना आठवतं की साहेबांचा फोन होता, मीटर बदललं होतं आणि नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग चढवलं नव्हतं. साहेबांची बदली झाली. कागद एकही नाही. दुरुस्ती बरोबर असावी असं मलाही वाटतं, पण मला वाटून काय उपयोग?

मी काय केलं तेही सांगते. जुलैमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बदलून स्वतःकडे ठेवला. चार तासांत तीन झोनमधून फोन, काउंटरवर भांडणं, आणि वरून "मॅडम, काम अडवू नका." संध्याकाळी तोच जुना पासवर्ड परत ठेवला. तो पासवर्ड मे महिन्यात सोडून गेलेल्या मुलालाही ठाऊक आहे, हे लिहिताना लाज वाटतेय.

काकांना न दुखावता आणि ग्राहकाला दोन महिने न लटकवता हे बंद कसं करू? आणि अर्जाला उत्तर काय देऊ?

खडूस_डीबीए

धागा नंतर वाचा, पासवर्ड आत्ता बदला. सोडून गेलेल्या माणसाकडे चालू किल्ली आहे, यावर चर्चा नको.

पण एकच सामायिक लॉगिन ठेवून पासवर्ड बदललात म्हणूनच जुलैमध्ये तोंडावर पडलात. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या. मुलांना फक्त वाचायचा अधिकार. बदलायचा अधिकार काकांना आणि तुम्हाला, बस. रीडिंग आणि थकबाकीच्या टेबलांवर ट्रिगर (बदल होताच आपोआप नोंद करणारा कोड) बसवा: जुना आकडा, नवा आकडा, कोणी, केव्हा, कोणत्या मशीनवरून. आणि एक रकाना आदेशाच्या आवक क्रमांकाचा, तो रिकामा असला तर बदल होणारच नाही. दोन दिवसांचं काम आहे. ट्रिगरची नोंद काकांना पुसता येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. तुम्हालाही येता कामा नये.

सर्ट-इनचे (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तुमच्या वरिष्ठांसमोर ठेवा. सर्व प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, असं त्यात आहे. सरकारी कार्यालयंही त्यात येतात. "मॅडम काम अडवतायत" याला ते बरं उत्तर आहे.

अवांतर: आमच्याकडे एकाने अपडेट क्वेरीत व्हेअर (कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट) लिहायचं विसरून एका अख्ख्या प्रभागाचं विलंब शुल्क शून्य केलं होतं. रात्री अडीचला बॅकअप चढवला. सकाळी दोन नागरिक आभार मानायला आले होते.

जमाखर्च

लेखा विभागात हयात गेली, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, अर्जाबाबत. कुणीतरी सुचवेल की मागच्या तारखेची टिपणी तयार करून नस्तीत लावा. चुकूनही लावू नका. आदेश अभिलेखात आढळत नसेल तर तसंच लिहून द्या. मीटर बदलल्याचा अहवाल, नव्या मीटरचा क्रमांक, आधीची-नंतरची बिलं, जे सापडेल त्याच्या प्रती जोडा. झोन कार्यालयात मीटर बदलीची नोंदवही असते, तिथे आधी माणूस पाठवा. ती सापडली तर निम्मं काम झालं.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुमचे काका आकडा *बदलतात*, हीच मुळात चूक आहे. हिशेबात चुकीची नोंद खोडत नाहीत, तिच्याविरुद्ध दुसरी नोंद करतात. १३,३५९ युनिटचं बिल तसंच राहू द्या आणि त्याखाली समायोजनाची वजा नोंद टाका. ग्राहकाला तेवढाच दिलासा मिळतो आणि दहा वर्षांनीही कुणालाही दिसतं की काय झालं होतं. समायोजनाला सायकल बंद असण्याची अडचण येऊ नये, कारण ते चालू तारखेला पडतं.

आणि तीन टेबलांचा फेरा लहान रकमेला कशाला? रीडिंगचा फोटो असेल आणि रक्कम ठरावीक मर्यादेत असेल तर उपअभियंत्याच्या सहीने त्याच दिवशी, वरचं लेखाकडे. मर्यादा तुम्ही ठरवू नका, लेखा विभागाला ठरवू द्या आणि कार्यालयीन आदेश काढून घ्या. पुढचा दरवाजा उघडा असला की मागच्या दाराने कोणी जात नाही.

वाह_रे_मीटर

मी त्या आजीबाईंच्या जातकुळीतला. बंद मीटरवर सरासरी बिल, चार चकरा, शेवटी असल्याच एका काकांनी दहा मिनिटांत सोडवलं. तुमचे ट्रिगर बसवा खुशाल, पण दहा मिनिटांचे दोन महिने होणार असतील तर आम्हीही माहिती अधिकारातच येऊ.

कोकणकडा

ताई, तांत्रिक सल्ला वर छान मिळालाय. काकांबद्दल लिहितो, कारण मी अशाच काकांच्या जागी होतो.

त्यांना "शिस्त" हा शब्द ऐकवू नका. पेन्शनचं बोला. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ मधला नियम २७ दाखवा. निवृत्तीनंतरही चौकशी सुरू होऊ शकते, मागच्या चार वर्षांतल्या घटनांसाठी. पालिकेला हे नियम लागू आहेत का ते आस्थापना विभागाकडून बघून घ्या, बहुधा असतीलच. फोन करणारे साहेब बदलून जातात, टेबलात लॉगिन काकांचं राहतं. वर्तणूक नियम १९७९ मध्येही आहे की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी घ्यायचा आणि तोंडी मिळाला तर नंतर लेखी खातरजमा करून घ्यायची. मला हे कुणी निवृत्तीच्या वर्षभर आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जास्त लिहीत नाही.

एकट्यात बोला. मुलांसमोर नको.

टाकीखाली

सगळ्यांचे आभार. प्रगती कळवते.

पासवर्ड त्याच रात्री बदलला, नावाची लॉगिन दिली. मीटर बदलीची नोंदवही झोन कार्यालयातल्या कपाटामागे मिळाली. सोसायटीच्या नव्या मीटरची नोंद तारखेसकट आहे. आदेशाची प्रत आढळत नाही असं स्पष्ट लिहून नोंदवहीच्या पानासह उत्तर माहिती अधिकाऱ्यांकडे दिलं. पुढे अपील आलं तर बघू.

जमाखर्च यांची समायोजनाची कल्पना लेखाच्या मॅडमना इतकी पटली की मर्यादेचा मसुदा त्यांनीच केला. सही व्हायची आहे. सायकल बंद असताना समायोजन पडतं का ते तपासलं, पडतं. स्क्रीन वीस वर्षं तिथेच होती, कोणी वापरत नव्हतं.

काकांशी शनिवारी टपरीवर बोलले. नियम २७ ची प्रत पर्समध्ये होती, काढावी लागली नाही. चहा संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "वीस वर्षं कोणी कागद मागितला नाही, मॅडम. मागितला असता तर दिला असता." मला पुढे बोलवेना. सोमवारी सकाळी मी यायच्या आधी ते माझ्या टेबलाशी उभे होते. हातात ट्रिगरचा माझा मसुदा, लाल पेनाने दोन खुणा केलेला. "वेळ सर्व्हरच्या घड्याळाची घेताय. ते सात मिनिटं पुढे आहे. आधी ते लावून घेऊ."

त्या घड्याळाबद्दल एक शंका आहे, खडूस_डीबीए: दिवसा, काउंटर चालू असताना वेळ सात मिनिटं मागे घेतली तर पावत्यांच्या क्रमात घोळ होईल का? की रविवारी करू?

खडूस_डीबीए

रविवारी. आणि काकांना सोबत घ्या.