खो-खोत घोटा मुरगळला, एक्स-रे नॉर्मल, तरी सूज आहे

रानजाई:
मुलगी ११ वर्षांची, वजन ३० किलो. परवा खांबाला वळसा घालताना उजवा पाय आत मुरगळला. बाहेरच्या घोट्यावर लिंबाएवढी सूज आहे, चार पावलं कशीबशी टाकते. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही म्हणाले. क्रेप बँडेज आणि पाच दिवस आराम. पण एक्स-रेवर हाडाच्या खालच्या टोकाशी आडवी काळी रेघ दिसते, ती बघून पोटात गोळा आलाय. पायाची वाढ खुंटेल का? सासूबाई हाडवैद्याकडून चोळून आणा म्हणतात. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आहे.

अस्थिपंजर:
ती रेघ म्हणजे ग्रोथ प्लेट, हाड वाढतं ती जागा. ती कूर्चेची असते, एक्स-रेवर उमटत नाही, म्हणून फट वाटते. दुसऱ्या पायातही तशीच असणार.

दुखतं नेमकं कुठे, ते बघा. एका बोटाने हळूहळू दाबत जा. घोट्याच्या पुढे-खाली मऊ भागात दुखलं तर लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, ताणलंय. बाहेरच्या हाडावरच, टोकापासून दोनेक सेंटीमीटर वर, बोट टेकताच कळ आली तर ग्रोथ प्लेटला मार असू शकतो, आणि तो पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. तरी धसका घेऊ नका. या जागी हाड सरकलेलं नसेल तर वाढ खुंटणं फार विरळा, आणि उपचारही जवळपास तोच: काढता-घालता येणारा ब्रेस आणि झेपेल तेवढं चालणं.

आतल्या घोट्याच्या हाडावर दुखत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे न्या. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक उंचवटा लागतो, तोही दाबून बघा. हाडावरचा दुखरेपणा दहा दिवसांनी तसाच असेल तर पुन्हा एक्स-रे काढा. तोवर भरून येणारं नवं हाड दिसायला लागतं.

कापूसपट्टी:
चोळायला अजिबात नेऊ नका. पहिले तीन दिवस चोळलं की फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून आणखी रक्त झिरपतं. कामट्या घट्ट बांधणं तर त्याहून वाईट. आत सूज वाढते, पट्टी जागची हलत नाही, रक्तपुरवठा अडतो.

क्रेप १० सेंटीमीटर रुंदीचं घ्या. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळाशी सुरुवात करा, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्या, प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर. टाचही झाका; उघडी ठेवली की सूज तिथे साचते, हे बहुतेक जण विसरतात. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार पडली, मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढत गेलं तर लगेच सोडा. सोडूनही फरक नसेल तर थेट दवाखाना. रात्री पट्टी काढून पाय उशीवर.

बर्फ रुमालात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला ४५०: ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचं ९ मिली, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवर २५० आहे की १२० ते वाचूनच द्या, घोळ तिथेच होतो.

रानजाई:
दाबून पाहिलं. पुढे-खालीच दुखतं, हाडावर कुठेच नाही. मग चाचणीचं काय?

मधली_पाटी:
तारखेवर जाऊ नका, पाय काय करतो ते बघा. हलकी मुरगळ एक-दोन आठवड्यांत आवरते. लिगामेंट थोडं फाटलं असेल तर तीन ते सहा.

दुखणं उतरायला लागलं की रोज अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला लावा. मग दुखऱ्या पायावर ३० सेकंद तोल, आधी डोळे उघडे, नंतर मिटून. नंतर टाचा उचलणं, शेवटी एका पायावर उड्या. दोन्ही पायांची उडी सारखी लांब पडली आणि दुखलं नाही, की सरळ धावणं. मग नागमोडी.

खांब सगळ्यात शेवटी. पाठलाग करणाऱ्याला मधेच दिशा बदलता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं, म्हणून तिथे पूर्ण वेगातला वळसा येतो आणि सगळा भार बाहेरच्या घोट्यावर पडतो. चौकातून झटकन उठणंही आधी सावकाश करून घ्या. पोल डाइव्ह तर एवढ्यात नकोच. सूज पूर्ण उतरली तरी काही महिने सरावात लेसवाला ब्रेस असू द्या. तोच घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता याच काळात जास्त. मॅटवर बूट अडकतो, त्यामुळे पहिले वळसे मातीवर, अर्ध्या वेगाने. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर एक पायरी मागे.