मदत हवी आहे: श्रीलिपीतले जुने प्रश्न मूडलवर कसे आणायचे?

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या ई-लर्निंग कक्षात काम करते. प्राध्यापकांचे कोर्स मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर) चढवायचे, व्हिडिओ टाकायचे आणि पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घ्यायचे (यातच निम्मा दिवस जातो).

सध्या घोडं अडलंय ते इतिहास विभागाच्या प्रश्नपेढीवर. सरांनी वर्षानुवर्षं जमवलेले प्रश्न वर्डमध्ये आहेत, तेही श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये. हे फॉन्ट युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसल्यामुळे मूडलमध्ये पेस्ट केलं की सगळी भेळ होते. ऑनलाइन कन्व्हर्टर वापरून पाहिले. साधा मजकूर बरा येतो, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ‘धर्म’चं ‘र्धम’ होतं. शिवाय मधले इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर मराठी समजून बदलून टाकतो, ते वेगळंच.

प्रश्न मूडलमध्ये एकगठ्ठा चढवायला मी एकेन (Aiken) हा साध्या टेक्स्ट फायलीचा फॉरमॅट वापरणार आहे. त्याला पर्याय रोमन ए, बी, सी, डी असेच लागतात आणि सरांच्या फायलीत अ, ब, क, ड आहेत. तेवढं फाइंड-रिप्लेसने निभावेल.

वर्डमधला फॉन्ट ओळखून फक्त त्याच फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा मॅक्रो किंवा पायथन स्क्रिप्ट कोणी वापरली आहे का? शक्यतो फुकटातली सांगा. खरेदीचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत सेमिस्टर संपेल. आणि ‘सगळं पुन्हा टाइप करून घ्या’ हा सल्ला कृपया नको, तो वरून आधीच आलाय!

नमुन्याची फाइल हवी असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.