वहिनी सरपंच झाली पण कारभार दादाच बघतो, कुठे नीट ट्रेनिंग मिळतं का?

रानवारा
नमस्कार मंडळी. आमच्याकडं सरपंचपद ओबीसी महिलेसाठी सुटलं आणि माझी वहिनी थेट जनतेतून निवडून आली. बारावी झालीय, चार वर्षं बचत गटाची सचिव होती, गटाचं रजिस्टर रुपया न चुकता लिहायची, म्हणजे हिशोबाला पक्की. पण आता मासिक सभेत शेजारच्या खुर्चीत दादा बसतो, ग्रामसेवक भाऊसाहेब बोलतात ते पण दादाशीच, आणि शेवटी हिच्यापुढं प्रोसिडिंग बुक सरकवतात, "ताई, हितं सही". दादा वाईट नाहीये, त्याला वाटतं तो मदतच करतोय. परवा चहा देताना हळूच मला विचारलं, भावजी, अबंधित निधी म्हणजे काय हो? मला पण सांगता आलं नाही. अशा बायकांसोबत काम करणाऱ्या संस्था आहेत का? भाषणवाल्या नकोत, कामाच्या सांगा.

आत्याबाई
मी एक टर्म सरपंच होते रे बाळा, त्यामुळं बोलते. महिला राजसत्ता आंदोलन म्हणून आहे, निवडून आलेल्या बायकांचंच संघटन आहे ते, तिकडं चौकशी कर. अशा ठिकाणी गेलं की कायदा तर कळतोच, पण खरा फायदा म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या चार सरपंच बायांचे फोन नंबर मिळतात. रात्री नऊ वाजता अडलं तर कुणाला विचारणार? मी एकीला विचारूनच पहिली महिला सभा घेतली होती, ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, आमच्या गावात तोवर नुसती कागदावर व्हायची.
आणि अबंधित म्हणजे, 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) पैशातला 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणं, पगार सोडून. सांग तिला.

फुकटचा_सल्ला
ट्रेनिंगने काय होणार? आमच्याकडच्या मॅडम पुण्याला यशदात (सरकारी प्रशिक्षण संस्था) जाऊन आल्या, साहेब गाडी चालवत सोबत गेले आणि येताना सर्टिफिकेट पण त्यांच्याच हातात 😂

सातपुडा_88
@फुकटचा_सल्ला हसू आलं खरं, पण तेवढ्यावरून सगळं मोडीत काढू नका. आरक्षण यायच्या आधी, 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ग्रामपंचायतीला बायकांची पॅनेलं उभी करायचं ठरवलं, जळगावचं विटनेर, यवतमाळचं मेटीखेडा इथं अख्खी बॉडी बायकांची आली होती. मागं संघटना होती म्हणून झालं ते. 73 व्या घटनादुरुस्तीने आरक्षण देऊन खुर्ची दिली, 2011 ला राज्यात ते 50 टक्के केलं, पण खुर्चीत टिकायला मागं कुणीतरी लागतंच, आणि सध्या ते कुणीतरी म्हणजे नवरा. त्याच्याजागी दुसरं कुणी उभं केलं तरच फरक पडेल ना. पुण्याच्या आलोचना संस्थेने या महिला पॅनेलवाल्या गावांचा अभ्यास पण केलाय.
फक्त बायकांचंच नाही हे. जळगावातच भादली बुद्रुकला 2021 मध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज बाद केला होता, त्या हायकोर्टात गेल्या, परवानगी आणली आणि निवडून आल्या. कोर्टात जायचं म्हणजे वकील, पैसा, धीर सगळं लागतं, एकट्याचं काम नाही.

आत्याबाई
@रानवारा एक राहिलंच. संस्था-बिंस्था नंतर, आधी बघ डोंगल कुणाकडं आहे. हल्ली वित्त आयोगाचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे) दोघांच्या डिजिटल सहीनं निघतं. ती पेनड्राईव्हसारखी वस्तू आणि तिचा पिन ज्याच्याकडं, तो सरपंच. बाकी सगळं फ्लेक्सपुरतं. आणि स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो मागच्या वर्षी कुठं गेला हे पुढच्या मासिक सभेत तिलाच विचारू दे.

रानवारा
आत्याबाई, विचारलं. डोंगल दादाच्या बुलेटच्या चावीला अडकवलंय, आणि सही काढताना मोबाईल नंबर पण त्याचाच दिलाय. वहिनीला वाटलं होतं ते गाडीचंच काहीतरी आहे. रविवारी दादाशी बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून. ती 10 टक्केवाली ओळ मात्र तिने गटाच्या जुन्या वहीत लिहून घेतलीय.

आत्याबाई
तू नको बोलूस. तिलाच मागू दे.