मदत हवी आहे: सिडनीजवळ देवमासे पाहायला कोणती बोट घ्यावी?

सप्टेंबरअखेर आठ जण जाणार आहोत, त्यात दोघं सत्तरीचे. तेव्हा हंपबॅक जातीचे देवमासे पिल्लांसह दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या दिशेने परतत असतात, त्यामुळे अंतराचा नियमही कडक: एरवी १०० मीटर, पिल्लू सोबत असेल तर ३००. ३०० मीटरच्या आत वेग अगदी कमी, समोरून वाट अडवायची नाही, थेट मागे लागायचं नाही, बाजूनेच समांतर राहायचं. 'हात लावता येईल इतकं जवळ' असली जाहिरात करणारे यादीतून आधीच बाद!

आता अडलंय ते असं. फुगवलेली वेगवान बोट लाटांवर आदळते, पाठीला दणके बसतात. म्हणून मोठं कॅटामरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट) बरं वाटतंय. पण हार्बरचं तोंड ओलांडलं की खुल्या समुद्राची लाट लागते. वसंतात दुपारी ईशान्येचा वारा वाढतो, म्हणून सकाळची फेरी घ्यावी ना? उलटीची गोळी निघण्याआधी तासभर पुरते का? की ज्येष्ठांसाठी सरळ उत्तरेला क्वीन्सलँडमधलं हर्वी बे गाठावं? तिथे क'गारी बेटाच्या आडोशाला पाणी शांत असतं, पण प्रवास वाढतो.

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी सांगा: बुकिंग करताना कप्तानाला नेमकं काय विचारावं?