सुरक्षारक्षकाच्या प्रशिक्षणाचे तास मोजावेत की परीक्षा घ्यावी?

धागाकर्ता: खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार परवानाधारक एजन्सीच्या रक्षकाला प्रशिक्षण सक्तीचे आहे. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांनी (राज्यांसाठीच्या नमुना नियमांनी) त्याचे माप ठरवले: किमान २० कामकाजाच्या दिवसांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर. अभ्यासक्रमात अग्निशमन, गर्दीचे नियंत्रण, प्रथमोपचार, इतकेच काय, पोलीस व सैन्यातील हुद्द्यांची चिन्हेही आहेत. (सलाम ठोकण्यापुरती ही शेवटची बाब पक्की असते, असा माझा अनुभव.) माझा आक्षेप तासांवर नाही, ते भरले हे कोण ठरवतो यावर आहे. माणूस लवकर कामावर उभा करण्यात जिचा फायदा, त्याच एजन्सीच्या केंद्राने प्रमाणपत्र दिले, तर त्या कागदावरून फार तर हजेरी कळते. म्हणून अखेरची परीक्षा त्रयस्थाने घ्यावी.

प्रतिसाद १: असहमत. एजन्सींना परवाने देणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याने प्रशिक्षण केंद्रांची वर्षातून साधारण दोनदा तपासणी करावी, असे त्याच नियमांत आहे. ती नीट करा. परीक्षा आली की शुल्क आले, शिकवणी आली, आणि जेमतेम लिहिता-वाचता येणारा पण कामाला चोख असलेला माणूस बाहेर राहिला.

धागाकर्ता: लेखी परीक्षा मी म्हटलेलीच नाही. अग्निशामक चालवून दाखवा, रक्तस्राव थांबवून दाखवा, एवढेच.

प्रतिसाद २: मी माजी सैनिक आहे. आम्हाला सवलत मिळते: वर्गात ४० तास, जागेवर १६ तास, किमान सात दिवसांत. शिस्त आणि शस्त्र यांपुरती ती योग्यच आहे; कायद्याच्या भागात मात्र ती चुकीची वाटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्तीला, घोषित गुन्हेगार (न्यायालयाने फरार जाहीर केलेला) सोडल्यास, आपल्या समक्ष अजामीनपात्र व दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करणाऱ्यालाच अटक करता येते, आणि विनाकारण विलंब न लावता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. केवळ संशयावरून एखाद्याला केबिनमध्ये बसवून ठेवणारा रक्षक स्वतःच आरोपी होऊ शकतो. हे मला पलटणीत कुणी शिकवले नव्हते.

प्रतिसाद १: अटकेचा मुद्दा मान्य, तेवढी तोंडी परीक्षा सर्वांचीच घ्या, माजी सैनिकांचीही. पण परीक्षेचे शुल्क आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी एजन्सीने द्यावी, हे नियमात स्पष्ट लिहिल्याशिवाय माझा विरोध कायम आहे. कारण आधीच बेकार असलेल्या माणसाला वीस दिवस बिनपगारी बसवण्यापलीकडे त्यातून काही साधणार नाही.